बायबलने जंगल तोडलं का?

इ.स. 723च्या सुमाराची गोष्ट. आजच्या जर्मनीतल्या हेसे प्रांतात, गाइस्मार नावाच्या ठिकाणी, बोनिफेस नावाचा इंग्रज धर्मप्रचारक कुऱ्हाड घेऊन एका अवाढव्य ओक वृक्षासमोर उभा राहिला. तिथल्या लोकांच्या लेखी ते झाड मेघगर्जनेच्या देवाचं. त्याला हात लावणारा विजेने जळून जाईल, अशी श्रद्धा. बोनिफेसने झाड तोडलं. वीज पडली नाही. मग त्याच लाकडातून त्याने प्रार्थनामंदिर उभारलं, असं त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवलं आहे.

त्यानंतर पाचशे वर्षांनी इटलीतल्या असिसी गावचा फ्रान्सिस पाखरांना उपदेश करत हिंडत होता. आयुष्याच्या शेवटी, 1225च्या सुमारास, त्याने एक स्तोत्र रचलं. त्यात सूर्य हा भाऊ आहे, चंद्र आणि पाणी या बहिणी आहेत, आणि पृथ्वी बहीणही आहे आणि आईही.

हे दोघेही संत, आणि चर्चच्या कॅलेंडरमध्ये दोघांनाही मानाची जागा आहे. त्यातली गंमत अशी, की झाड तोडणाऱ्या बोनिफेसचा सण 5 जूनला येतो, म्हणजे नेमका जागतिक पर्यावरणदिनी. हा निव्वळ योगायोग. पण ख्रिस्ती धर्म निसर्गाचा वैरी की सोबती, असा प्रश्न घेऊन कोणी आलं तर त्याला एका शब्दात उत्तर का देता येत नाही, हे या दोघांवरून कळतं. गेली जवळजवळ साठ वर्षं धर्माचे अभ्यासक या प्रश्नावर भांडत आहेत, आणि त्या भांडणातून हाती लागलेल्या गोष्टी मूळ प्रश्नापेक्षा जास्त कामाच्या आहेत.

भांडणाला तोंड फुटलं ते पाच पानांच्या एका लेखाने. लिन व्हाइट हे अमेरिकेतले इतिहासकार. त्यांचा विषय मध्ययुगीन युरोपातलं तंत्रज्ञान: नांगर, रिकीब, पाणचक्क्या. डिसेंबर 1966मध्ये वॉशिंग्टनला शास्त्रज्ञांच्या संमेलनात त्यांनी भाषण केलं, आणि 10 मार्च 1967च्या ‘सायन्स’ या नियतकालिकात ते छापून आलं. विषय होता, पर्यावरणावरच्या संकटाची ऐतिहासिक मुळं. तो काळ लक्षात घ्यायला हवा. कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवर अमेरिकेत गदारोळ चालू होता, शहरांवर धुरक्याचं छत होतं, आणि उपाय म्हणून सगळे आणखी विज्ञान, आणखी तंत्रज्ञान मागत होते. व्हाइट म्हणाले, थांबा, दुखणं त्याच्याही खाली आहे.

त्यांची मांडणी नांगरापासून सुरू होते. भूमध्य समुद्राकाठची जमीन हलकी, तिथे दोन बैलांचा साधा नांगर पुरे. तो माती खरवडतो, उलटत नाही. उत्तर युरोपातली जमीन मात्र ओली, चिकट, जड. सातव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे नवा नांगर वापरात आला. उभ्या पात्याने माती कापायची, आडव्या फाळाने ती खालून सोडवायची, आणि वळणदार फळीने उलटी पाडायची. हा नांगर ओढायला साधारण आठ बैल लागत. एकेका शेतकऱ्याकडे आठ बैल कुठले? म्हणून चार घरांनी मिळून नांगर धरायचा, आणि ज्याचे जितके बैल त्याला त्या मानाने जमिनीचा वाटा. आधी घरच्या गरजेपुरती जमीन कसली जायची. आता यंत्राच्या ताकदीएवढी कसली जाऊ लागली. व्हाइट यांच्या मते माणूस आणि माती यांचं नातं इथे बदललं: निसर्गाचा भाग असलेला माणूस निसर्गाचा धनी झाला.

पण हे पश्चिम युरोपातच का घडलं? इथे व्हाइट धर्माकडे वळतात. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीत, देव सगळी सृष्टी घडवतो आणि शेवटी माणसाला आपल्या प्रतिरूपात निर्माण करतो. पृथ्वी व्यापून टाका, ती सत्तेखाली आणा, मासे, पाखरं आणि सगळ्या प्राण्यांवर सत्ता चालवा, असं त्याला सांगतो. त्यापूर्वीच्या युरोपात प्रत्येक झाडाला, झऱ्याला, टेकडीला आपली देवता असे, कोकणात आणि गोव्यात ज्याला राखणदार म्हणतात तशी. झाड तोडण्याआधी, डोंगर खणण्याआधी तिची समजूत काढावी लागे. ख्रिस्ती धर्माने ही राखण उठवली. झाडात आता कोणी राहत नव्हतं, त्यामुळे ते तोडताना कोणाला विचारायचंही उरलं नाही. बोनिफेसची कुऱ्हाड ती हीच. जगातल्या सगळ्या धर्मांत पश्चिमेकडचा ख्रिस्ती धर्म हा सर्वांत जास्त माणूसकेंद्री, असं व्हाइट यांनी ठणकावून लिहिलं.

एवढ्यावरून त्यांना धर्मविरोधक समजणं सोपं आहे, आणि बऱ्याच जणांनी तसं समजूनही घेतलं. वास्तवात व्हाइट स्वतः प्रेस्बिटेरियन पंथाचे श्रद्धावान ख्रिस्ती होते आणि त्यांचे वडील त्याच पंथाचे धर्मगुरू. दोष देताना त्यांनी पूर्वेकडच्या ग्रीक चर्चला वेगळं काढलं होतं. त्या परंपरेत सृष्टी ही देवाने पाठवलेल्या संदेशासारखी, पाहून मनन करायची गोष्ट. पश्चिमेत मात्र ती कशी चालते ते शोधण्याची आणि तिच्यावर कृती करण्याची ओढ. शिवाय त्यांचं म्हणणं होतं, की चर्चमध्ये जाणं सोडलं म्हणून कोणी या सवयीतून सुटत नाही. प्रगती कधी संपणारच नाही हा विश्वास, अगदी साम्यवादसुद्धा, त्याच विचाराचं अपत्य. लेखाचा शेवट तर पुरताच धार्मिक आहे. मुळं धार्मिक आहेत, तेव्हा उपायही धार्मिकच असणार. नवा धर्म शोधा, नाहीतर जुन्याचा नव्याने विचार करा. आणि पर्यावरणशास्त्रज्ञांचा आश्रयदाता संत म्हणून त्यांनी नाव सुचवलं असिसीच्या फ्रान्सिसचं. बारा वर्षांनी, नोव्हेंबर 1979मध्ये, पोप जॉन पॉल दुसरे यांनी ते अधिकृतपणे जाहीर केलं. पोपने ते व्हाइट यांचं ऐकून केलं असं म्हणायचं कारण नाही, पण सूचना आधी छापून आलेली होती ती एका विज्ञान नियतकालिकात.

आता व्हाइट यांच्या विरोधातली बाजू. तीही कमी तगडी नाही.

पहिली हरकत काळाची. उत्पत्तीतलं ते वाक्य अडीच हजार वर्षांचं. मग त्याचा परिणाम दिसायला इतका उशीर का? इतिहासकार जेरेमी कोहेन यांनी या एका वाक्याचा मागोवा घेतला. प्राचीन काळापासून मध्ययुगाच्या अखेरीपर्यंत ज्यू आणि ख्रिस्ती भाष्यकारांनी त्यातून काय अर्थ काढला, ते त्यांनी 1989मध्ये प्रसिद्ध केलं. भाष्यकार बोलत होते ते मुख्यतः लग्न, संतती, ब्रह्मचर्य आणि देवाशी झालेला करार यांबद्दल. जमीन, जंगल हवं तसं ओरबाडण्याचा परवाना म्हणून कोणी ते वाचलेलं जवळपास दिसतच नाही. तसं वाचन आलं सतराव्या शतकात, हे इतिहासकार पीटर हॅरिसन यांनी दाखवलं. इंग्रज विचारवंत फ्रान्सिस बेकन 1620मध्ये लिहितो, की आदामाच्या पतनाने माणसाने दोन गोष्टी गमावल्या, निष्पापपणा आणि सृष्टीवरची सत्ता. पहिली धर्माने परत मिळेल, दुसरी विज्ञान आणि कलाकौशल्याने. म्हणजे वाक्य जुनंच राहिलं आणि वाचणारे बदलले. जहाजं, वसाहती आणि खाणी हाती असलेल्या लोकांना त्यात आपल्या कामाचा अर्थ सापडला.

दुसरी हरकत शेजाऱ्यांची. निसर्ग उद्ध्वस्त करायला बायबल लागतंच असं नाही. अथेन्सभोवतालच्या डोंगरांवरची माती कशी वाहून गेली आणि उरला तो नुसता हाडांचा सापळा, याचं वर्णन प्लेटोने ख्रिस्ताच्या जन्माआधी साडेतीनशे वर्षं केलं होतं. भूगोलाचे अभ्यासक यी-फू तुआन यांनी 1968मध्ये, म्हणजे व्हाइट यांचा लेख ताजा असतानाच, चीनकडे बोट दाखवलं. ताओ आणि बौद्ध विचारांत निसर्गाशी एकरूप होण्याचे गोडवे आहेत, पण त्याच चीनमध्ये शतकानुशतकं डोंगर बोडके होत गेले. त्यात बौद्ध मठांच्या बांधकामाला लागलेलं लाकूडही आलं, आणि दहनासाठी लागलेलंही. तुआन यांचं म्हणणं साधं होतं: माणसं म्हणतात एक आणि करतात दुसरं, आणि हे सगळीकडे आहे.

पूर्वेकडचे धर्म निसर्गप्रेमी आणि पश्चिमेकडचे निसर्गद्वेष्टे, ही विभागणी आपल्याकडे फार आवडीने सांगितली जाते. तुआन वाचल्यावर ती सांगायला जीभ रेटू नये. गंगा पवित्र आहे यावर कोट्यवधी लोकांची अढळ श्रद्धा आहे आणि गंगेत सांडपाणी सोडणारी शहरंही त्याच लोकांची आहेत. या दोन गोष्टी गुण्यागोविंदाने एकत्र नांदतात. उलट, सह्याद्रीतल्या देवराया टिकल्या त्या एखाद्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथामुळे नव्हे, तर या राईतली काडीही उचलायची नाही, देव कोपेल, या गावच्या दंडकामुळे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात या देवरायांचा अभ्यास मांडला, तो आज जगभर धर्म आणि पर्यावरण शिकवताना वापरला जातो.

तिसरी हरकत लुईस मॉन्क्रीफ यांची, 1970मधली, तीही ‘सायन्स’मध्येच. जमिनीची खासगी मालकी, वाढती शहरं, हातात खेळू लागलेला पैसा, भांडवल आणि तंत्रज्ञान ही कारणं समोर दिसत असताना थेट धर्मग्रंथापर्यंत धावायचं कशाला?

मला स्वतःला व्हाइट यांचं कार्यकारणभावाचं गणित कच्चं वाटतं, पण त्यांचा प्रश्न पक्का वाटतो. माणूस निसर्गाशी कसा वागतो हे तो स्वतःला कोण समजतो यावर काही प्रमाणात तरी ठरत असणार. किती प्रमाणात, हाच वादाचा मुद्दा. त्यातून अभ्यासाची एक नवी शाखाच निघाली. 1996 ते 1998 या काळात हार्वर्ड विद्यापीठात जगातल्या धर्मांवर आणि पर्यावरणावर दहा परिषदा झाल्या. मेरी एव्हलिन टकर आणि जॉन ग्रिम हे त्यामागचे मुख्य अभ्यासक. हिंदू, जैन, बौद्ध, इस्लाम, आदिवासी परंपरा, सगळ्यांना तोच प्रश्न विचारला गेला.

चर्चनेही व्हाइट यांचा आरोप मनावर घेतला. खरं म्हणजे काही जण त्यांच्या आधीच जागे होते. नोव्हेंबर-डिसेंबर 1961मध्ये जागतिक चर्च परिषदेचं तिसरं अधिवेशन नवी दिल्लीत भरलं, तिथे जोसेफ सिट्लर या अमेरिकन लुथरन धर्मचिंतकाने मुक्ती फक्त माणसाच्या आत्म्याची नसते, सगळ्या सृष्टीची असते, असं सांगितलं. त्या वेळी ते बऱ्याच जणांच्या डोक्यावरून गेलं.

व्हाइट यांच्यानंतर बायबल पुन्हा उघडलं गेलं आणि आधी दुर्लक्षित राहिलेली पानं वर आली. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सत्ता आहे, पण दुसऱ्या अध्यायात देव माणसाला एदेन बागेत ठेवतो ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. लेवीय या पुस्तकात दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवण्याची आज्ञा आहे, आणि जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे परके आणि उपरे आहात, असं देव बजावतो. अनुवाद या पुस्तकात शहराला वेढा घातला असतानाही फळझाडांवर कुऱ्हाड चालवायला मनाई आहे. मला सगळ्यांत आवडतं ते ईयोबाचं पुस्तक. संकटांनी पिचलेला ईयोब देवाला जाब विचारतो, तेव्हा देव सांत्वन करत नाही, उलटे प्रश्न विचारतो. जिथे कोणी माणूस राहत नाही त्या रानावर पाऊस कोण पाडतो? रानगाढवाला मोकळं कोणी सोडलं? लेव्हियाथान या जलचराला तू गळ घालून ओढशील का? पुस्तकातली ती शेवटची प्रकरणं वाचल्यावर बायबल माणूसकेंद्री आहे असं सरसकट म्हणवत नाही. इथे माणूस हजर आहे तो फक्त ऐकायला.

यातून माणूस मालक नाही, विश्वस्त आहे, असा विचार रुजला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख धर्मगुरू दिमित्रियोस यांनी 1989मध्ये 1 सप्टेंबर हा दिवस सृष्टीसाठी प्रार्थनेचा म्हणून जाहीर केला. त्यांचे वारसदार बार्थोलोम्यू यांनी 1997मध्ये निसर्गाचा नाश हे पाप आहे असं स्पष्ट शब्दांत सांगितलं. तोवर पाप म्हणजे देवाविरुद्धचं किंवा शेजाऱ्याविरुद्धचं कृत्य. त्यात ओढ्यात विष सोडणं बसवणं ही नवी गोष्ट होती. त्याआधी 1986मध्ये जागतिक वन्यजीव निधीने आपल्या पंचविसाव्या वर्षानिमित्त असिसीलाच पाच धर्मांच्या प्रतिनिधींना बोलावलं होतं. हिंदू धर्माच्या वतीने तिथे डॉ. करण सिंह बोलले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या काळात, 2008मध्ये, व्हॅटिकनच्या मोठ्या सभागृहाच्या छपरावर दोन हजारांहून जास्त सौर पॅनेल बसली.

आणि मग 2015 साली आलं पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे पत्र. पोपने सगळ्या चर्चला उद्देशून लिहिलेली अशी पत्रं कॅथलिक शिकवणुकीत फार वरच्या दर्जाची मानतात. नाव असिसीच्या फ्रान्सिसच्या त्या स्तोत्रावरूनच घेतलेलं. त्यात परिच्छेद 246 आहेत, आणि त्यांतल्या 67व्या परिच्छेदात व्हाइट यांचं नाव न घेता त्यांच्या आरोपाला उत्तर आहे: आम्ही ख्रिस्ती लोकांनी काही वेळा धर्मग्रंथाचा चुकीचा अर्थ लावला हे खरं, पण सत्ता म्हणजे मोकाट वापर असा अर्थ आता ठामपणे नाकारायला हवा. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबाचा आक्रोश एकच आहे, ही त्या पत्रातली मध्यवर्ती कल्पना. ती आली ब्राझीलचे मुक्तिवादी, म्हणजे धर्माने गरिबांच्या बाजूने उभं राहावं असं मांडणारे, धर्मचिंतक लिओनार्दो बॉफ यांच्याकडून. या बॉफ यांना 1985मध्ये व्हॅटिकननेच वर्षभर गप्प बसण्याची शिक्षा फर्मावली होती. तीस वर्षांनी त्यांची भाषा पोपच्या पत्रात बसली! पत्राच्या तळटिपेत अली अल-खव्वास या सोळाव्या शतकातल्या इजिप्शियन सूफीच्या वचनाचाही आधार आहे. पोपच्या पत्रात मुसलमान संताचा दाखला येणं ही सहज घडणारी गोष्ट नाही.

आता खरा प्रश्न. या सगळ्या घोषणांनी लोकांचं वागणं बदललं का? ब्रॉन टेलर हे या शाखेतले मोठे अभ्यासक. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सातशेहून जास्त शोधनिबंध चाळून 2016मध्ये निष्कर्ष काढला, की धर्म हळूहळू हिरवे होत आहेत याला फारसा भक्कम पुरावा नाही. काही नेते, काही गट जरूर बदललेत, पण सामान्य श्रद्धावंत आहेत तिथेच आहेत.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. तिथले इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलच्या शब्दाला अंतिम प्रमाण मानणारे, ख्रिस्ती हवामानबदलाबद्दल सर्वांत जास्त शंकेखोर, असं सर्वेक्षणांत वारंवार दिसतं. सोपं स्पष्टीकरण असं दिलं जातं, की ख्रिस्त लवकरच परत येणार असं मानणारे लोक पृथ्वीची काळजी कशाला करतील? या स्पष्टीकरणाच्या पुराव्यात नेहमी रेगन सरकारात सरकारी जमिनी आणि राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या खात्याचे मंत्री जेम्स वॉट यांना उभं केलं जातं. शेवटचं झाड पडलं की ख्रिस्त येईल, असं ते म्हणाल्याचं सांगतात. ते असं कधीच म्हणाले नव्हते. 1981मध्ये संसदीय समितीपुढे ते एवढंच म्हणाले, की प्रभू परत येण्याआधी आणखी किती पिढ्या जायच्यात ते मला माहीत नाही, पण कितीही असोत, त्यांच्यासाठी साधनसंपत्ती उरेल अशा बेताने आपल्याला कारभार करायला हवा. वाक्याचं दुसरं अर्धं गाळलं गेलं. बनावट विधान आपल्या भाषणात वापरल्याबद्दल बिल मॉयर्स या नामवंत पत्रकारांना 2005मध्ये जाहीर माफी मागावी लागली. वॉट यांची धोरणं खाणमालकांच्या सोयीची होती, त्यावर टीका करायला खरी कागदपत्रं ढिगाने होती. पण धर्माचं कारण जास्त चटकदार.

सर्वेक्षणं बारकाईने पाहिली तर तिथे पंथापेक्षा पक्ष जास्त बोलतो. एकाच बाकावर बसून एकच प्रवचन ऐकणारे दोघे हवामानबदलाबद्दल वेगळं मत देतात, आणि ते कोणाला मत देतात हे कळलं तर उत्तराचा अंदाज बांधता येतो. त्याच इव्हँजेलिकल परंपरेतून कॅथरीन हेहो यांच्यासारख्या हवामानशास्त्रज्ञही आल्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक अहवालांचं सुरुवातीचं वैज्ञानिक काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झालं ते वेल्सचे जॉन हौटन हेही निष्ठावान ख्रिस्ती होते.

श्रद्धेतून थेट वागणं निघत नाही, हे मान्य केलं की नजर दुसरीकडे जाते. जमीन कोणाच्या ताब्यात आहे? ‘नको’ म्हणायचा अधिकार कोणाकडे आहे, आणि तो कोण मानतं?

इथिओपियाच्या उत्तरेकडच्या उंच पठारावर, दक्षिण गोंदर भागात, विमानातून पाहिलं तर तपकिरी शेतांच्या पसाऱ्यात हिरवे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपक्याच्या मध्यभागी एक गोल चर्च. ही इथिओपियन ऑर्थोडॉक्स तेवाहेदो चर्चची जंगलं. बरीचशी काही हेक्टरांचीच, पण त्यात जुनिपर, रानऑलिव्ह अशी त्या भागातली मूळची झाडं अजून उभी आहेत, जी बाहेर जवळजवळ संपली. बाहेरचं जंगल शेतीत आणि चुलीत गेलं. 1975मध्ये तिथल्या लष्करी राजवटीने सगळी ग्रामीण जमीन सरकारजमा केली, चर्चच्या मोठ्या जमिनी गेल्या, पण चर्चच्या अंगणातली ही राई राहिली. तिथल्या लोकांच्या लेखी झाडं म्हणजे चर्चचं वस्त्र. झाडांशिवाय चर्च उघडंवाघडं.

या जंगलांच्या राखणीत ‘जैवविविधता’ कुठेच नव्हती. देवाचं घर झाकलेलं असावं एवढीच भावना, आणि ती सांभाळणारे धर्मगुरू. शास्त्रज्ञ नंतर आले. अलेमायेहू वासी हे तिथलेच वनशास्त्रज्ञ, त्यांनी अमेरिकेच्या मार्गारेट लोमन यांच्यासह धर्मगुरूंशी बोलून एक साधा उपाय काढला: जंगलाभोवती दगडी कुसू घालायचं. शेतातले दगड वेचून कुसू घातलं की शेतही मोकळं होतं आणि गुरं रोपं खात नाहीत. पण इथेही पैशाने शिरकाव केलाच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथिओपियात आलेला निलगिरी भराभर वाढतो आणि खांबांसाठी विकला जातो. काही चर्चनी उत्पन्नासाठी राईच्या हद्दीतच निलगिरी लावला आहे. देवराईच्या हद्दीचा प्रश्न गोंदरलाही चुकलेला नाही.

नागालँडचं उदाहरण अगदी वेगळं. वोखा जिल्ह्यात डोयांग जलाशयावर दर ऑक्टोबरला सायबेरिया-चीनकडून अमूर ससाण्यांचे प्रचंड थवे उतरतात. 2012मध्ये मासेमारीच्या जाळ्यांत अडकवून त्यांची एवढी कत्तल झाली, की चित्रफीत पाहून जग हादरलं. पांगती आणि आसपासची गावं लोथा नागांची, बहुतेक सगळी बाप्टिस्ट. पुढच्याच वर्षी ही हत्या थांबली. त्यात निसर्गप्रेमी संस्थांचा, वनखात्याचा वाटा होता, पण निर्णय ग्रामसभांचा होता, आणि चर्चमधूनही आवाहन झालं. इथे चर्चकडे जंगल नव्हतं, पण दर रविवारी सगळं गाव एका छपराखाली होतं. 2013मध्ये उपग्रह-टॅग लावून सोडलेल्या ससाण्यांना नागा, पांगती आणि वोखा अशी नावं दिली होती, आणि हे पक्षी भारत ओलांडून, महाराष्ट्रावरून, अरबी समुद्र पार करत आफ्रिकेला गेले.

ब्राझीलच्या ॲमेझॉनमध्ये जमिनीवरचा हक्क सांगणं प्राणावर बेततं. डोरोथी स्टँग या मूळच्या अमेरिकन धर्मभगिनी (नन) पारा राज्यात भूमिहीन कुटुंबांना जंगल न तोडता शेती करायला शिकवत आणि जमीन बळकावणाऱ्यांविरुद्ध तक्रारी करत. 12 फेब्रुवारी 2005ला आनापू इथे त्यांना गोळ्या घालून मारलं. वय होतं 73. ज्यांनी सुपारी दिली ते जमीनदारही बाप्तिस्मा झालेलेच असणार, त्या देशात दुसरं काय?

आणि आपल्या अगदी उंबऱ्यावरची वसई. पोर्तुगीज काळापासून इथे ख्रिस्ती वस्ती आहे. सामवेदी बोलणारे, केळी, पानवेली, भाजीपाला आणि फुलांच्या वाड्या करणारे शेतकरी. मुंबई वाढत वाढत विरारपर्यंत आली तेव्हा या वाड्यांवर इमारती उगवू लागल्या. नवीन इमारतींना पाणी कुठून? वाड्यांतल्या विहिरींतून टँकरने. खाडी आणि समुद्राकाठी विहीर उपसली की मचूळ पाणी आत येतं, मग केळीही नाही आणि पानही नाही. 1980च्या दशकाच्या अखेरीपासून हरित वसई संरक्षण समितीने याविरुद्ध लढा उभा केला, आणि तिचं नेतृत्व केलं फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, पण वसईत त्यांची ओळख आधी मोर्चात झाली. धर्मगुरूने रस्त्यावर का उतरावं, असं विचारणारे तेव्हा चर्चमध्येही होते. समितीत इतर धर्मांचे लोकही होते, कारण विहीर कोणाची जात विचारून खारी होत नाही.

वसईत मात्र गोंदरसारखी सोय नव्हती. वाडी चर्चची नव्हती, शेतकऱ्याच्या नावावर होती, आणि शेतकऱ्याला मुलीचं लग्न करायचं होतं, मुलाला शिकवायचं होतं. फादर वेदीवरून सांगू शकत होते, सातबारा अडवू शकत नव्हते. आंदोलनाने बरंच काही थोपवलं, काही वर्षं लांबवलं. ज्या वाड्या विकल्या गेल्या त्या बहुतेक त्यांच्याच श्रोत्यांनी विकल्या. ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या वस्त्यांत ऑक्टोबरच्या सुरुवातीला आगेरा होतो, भाताच्या नव्या लोंब्या मिरवत चर्चमध्ये आणून त्यांना आशीर्वाद देतात. मुंबईत कित्येक ठिकाणी शेत उरलं नाही, म्हणून लोंब्या दुसरीकडून आणाव्या लागतात.

जमिनीच्या बाजूने विचार करणारी एक तरुणी 2016मध्ये थेट व्हॅटिकनला पोहोचली. अमेरिकेच्या मॉली बरहान्स यांचा हिशेब सरळ होता: कॅथलिक चर्च हे जगातल्या मोठ्या जमीनमालकांपैकी एक. शाळा, मठ, दवाखाने, शेतं, जंगलं. पोपनी एवढं पत्र लिहिलंय, तर आधी या जमिनींचे नकाशे मागू, म्हणजे कुठे झाडं राखायची, कुठे पाणी जिरवायचं ते ठरवता येईल. तिथे भिंतींवर जुने रंगवलेले सुंदर नकाशे होते. आपल्या ताब्यात जगभर नेमकी किती आणि कुठे जमीन आहे, याची एकत्र अद्ययावत नोंद मात्र चर्चकडे नव्हती. तेव्हापासून त्यांची गुडलँड्स ही संस्था धर्मप्रांतागणिक, सर्व्हे नंबरागणिक ते नकाशे बनवत आहे.